बिब्ब्याचा शिक्का

शनिवार, २ ऑक्टोबर १९७१

गांधीजयंतीची सुटी असून चेअरमनसाहेबांनी बोलावून घेतलं, म्हणून सकाळपासून डोकं तापलेलं होतं. पण गेलो ते बरं झालं. आमच्या विणकर सोसायटीला सरकारकडून बारा हजार चादरींचं काम मिळालं आहे. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांसाठी. नव्वद लाख माणसं आली म्हणतात, रोज आणखी येताहेत, आणि थंडी तोंडावर आली आहे. आपल्याकडे रेशनला रांगा लागतात, तरी आपण त्यांना खाऊ घालतो आणि त्यांच्या लढणाऱ्या पोरांच्या पाठीशी उभे राहतो. मोठी श्रीमंत राष्ट्रं नुसती भाषणं ठोकतात. वाचून रोज संताप येतो. नुसता पेपर आपटण्यापेक्षा आपल्यालाही काही करता येईल, असं आज पहिल्यांदा वाटलं.

चेअरमन सिद्धलिंगप्पा म्हणाले, "गुरुसिद्धप्पा, प्रत्येक चादरीवर तुमचा शिक्का पडल्याशिवाय माल हलायचा नाही. कागदावर तसं लिहून दिलंय."

तेवीस वर्षं मी या सोसायटीचा तपासनीस आहे. माझा शिक्का नंबर चार, आणि शाई बिब्ब्याची. परीट कपड्यावर खूण करतात तीच. चादर विरेल, फाटेल, शिक्का जायचा नाही. बाजारातले व्यापारी आधी शिक्का बघतात आणि मग चादर.

आमचा मुलगा मल्लिकार्जुन तिकडेच आहे. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर आहे तो. ऑगस्टमध्ये आपणहून नाव देऊन बनगावजवळच्या छावणीत गेला. मी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. आता त्याला लिहीन, की बाबा रे, तुझ्या मागोमाग मीही येतोय.

बुधवार, ६ ऑक्टोबर

आज बैठकीत वाद झाला. माझी पद्धत अशी: दर शंभर चादरींमागे एक काढायची, तीन पाण्यांतून धुवायची, उन्हात वाळवायची आणि मग काट्यावर चढवायची. हा नियम सरकारचा नाही. रेवणप्पा रंगारी म्हणून माझे गुरू होते, त्यांचा आहे. ते म्हणायचे, कोरी चादर म्हणजे नवरीमुलगी, पाहुण्यांसमोर सगळ्याच गुणी दिसतात.

चेअरमनसाहेब म्हणाले, धुणं-वाळवणं यात दिवस जातात. सरकारला नग दीड किलोचा हवा आहे. वजन करा, इंचात धागे मोजा, शिक्का मारा. "तिकडं लेकरं थंडीनं मरायलीत आणि आपण इथं धुणी धूत बसायचं काय?"

मला ते पटलं. युद्धाच्या घाईला शांततेतले नियम लावून चालत नाहीत. धुणं बंद केलं, वहीत तसं लिहून सही केली.

आणि हा पोशट्टी! नऊ नंबरच्या मागावरचा. हातात कला आहे, पण जीभ वाकडी. भर बैठकीत उठून म्हणतो, "साहेब, सूत बारीक आलंय ह्या खेपेला. एकदा धुवून बघा की."

मी म्हणालो, "तुला विणायचं होत नसेल तर सांग." खाली बसला. चार महिने माग बंद होते, चुली थंड होत्या, आता तीन पाळ्या चालल्या आहेत, तरी यांची कुरकुर आहेच. बाकीचे निदान मान खाली घालून गप्प तरी होते.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

उंदरांनी उच्छाद मांडला आहे. तेवीस वर्षांत गोदामात इतके उंदीर पाहिले नाहीत. चादरींच्या कडा कुरतडतात. शिपायाला झापलं, दहा सापळे आणवले. माणसं हलगर्जी झाली की उंदीर माजतात.

सुताला पिठाची खळ देण्याचं काम चेअरमनसाहेबांनी त्यांच्या साडूकडे दिलं आहे. खळ जरा जास्तच चढते त्याची. मागाखाली पांढरी भुकटी साचते, विणकर खोकतात. मी साहेबांना बोललो. म्हणाले, घाईत सूत तुटू नये म्हणून दाट दिली आहे. खरं आहे, सूत तुटत नाही.

घरी आलो तर गंगम्मा माझी बाही झटकत म्हणाली, "अहो, सोसायटीत जाता की दळण दळायला?" मी चिडलो. देशावर काय वेळ आली आहे आणि हिला बाहीचं पडलं आहे. तिनं सदरा भिजवला आणि बादलीतल्या पांढऱ्या पाण्याकडे बघत बसली.

सोमवार, २५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. मल्लूचं पत्र आलं. इथे उतरवून ठेवतो.

"आप्पा, इथे लोक सिमेंटच्या मोठ्या नळांत राहतात. पटकी आता कमी झाली, पण थंडी सुरू झाली आहे. लेकरांना गवतात निजवतात. काल एक बाई मला विचारत होती, तुमचा देश श्रीमंत आहे काय? मी नाही म्हणालो. मग आम्हाला कसं पोसता, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, माझे वडील चादरी पाठवताहेत. आता सगळी छावणी सोलापूरच्या चादरींची वाट बघते आहे. मी गठ्ठे सोडताना तुमचा चार नंबर शोधेन."

गंगम्माला वाचून दाखवलं. तीनदा वाचलं. दुपारी गोदामात जाऊन हाताला रग लागेपर्यंत शिक्के मारले.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

आज सोसायटीत चोर पकडला.

दुपारी मागच्या नळावर गेलो तर पोशट्टी चादर धूत होता. नवी कोरी, माझा शिक्का असलेली, निर्वासितांची चादर! मला बघून पळाला नाही, उलट ओली चादर दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "बघा साहेब. एकदा हात लावून तर बघा."

मी बघणार काय? माझ्या डोळ्यांपुढे मल्लूच्या छावणीतली लेकरं आली. तिथे एकेका चादरीची वाट बघताहेत आणि हा इथे चोरून घरी न्यायला निघाला. मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात कोणा कामगारावर हात उचलला नव्हता. पण त्याची लाज वाटत नाही, राग एवढा होता. लढाई तोंडावर आली असताना गरिबांची चादर चोरणारा माणूस देशद्रोहीच. हा शब्द मी सगळ्यांसमोर वापरला. माग थांबवून सगळे बघत होते, एकानंही तोंड उघडलं नाही.

चादर पुरावा म्हणून ताब्यात घेतली. नळावरच वाळत घालायला लावली, संध्याकाळी शिपायानं घडी करून आणली, ती माझ्या कपाटात ठेवली. वर चिठ्ठी लावली: चोरीचा माल, पोशट्टी, माग नंबर ९. कुलूप लावलं.

बुधवार, १० नोव्हेंबर

पोशट्टीला काढला. पोलिसांत देऊ नका, असं चेअरमनसाहेबच म्हणाले. "जाऊ द्या, बायकापोरं हायत त्याला." केवढं मोठं मन! आणि मला म्हणाले, ती चादर द्या, मी गठ्ठ्यात टाकून देतो. मी दिली नाही. पुरावा तो पुरावा. उद्या त्यानं युनियनमार्फत कज्जा केला तर? साहेब जरा नाराज दिसले. पण कायद्याचं त्यांना तितकं कळत नाही.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

कालपासून प्रत्येक पत्राला निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावायचं आहे. पोस्टात गेलो तर रांगेतला एक पागोटेवाला कारकुनाशी हुज्जत घालत होता. "आमाला कोन देतंय? औंदा पाऊस न्हाई, जवारी जळाली. आमीच निर्वासित हाय की." लोक हसले. मी नाही हसलो. म्हणालो, "तुझं घर जळालंय का? तुझी बायको चिखलात बाळंत झाली का? पाच पैशांनी तुझं काय वाकडं होतंय?" त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निमूट तिकीट घेतलं.

देश मोठा होतो तो असा, पाच-पाच पैशांनी आणि एकेका चादरीनं. हे या लोकांच्या टाळक्यात कधी शिरणार?

शनिवार, ४ डिसेंबर

अखेर तोंड फुटलं. काल संध्याकाळी त्यांनी आपल्या विमानतळांवर बाँब टाकले. बरं झालं, एकदाचा निकाल लागू दे. सकाळी सोसायटीत सगळ्यांनी एक दिवसाचा पगार संरक्षण निधीला दिला. मी दोन दिवसांचा दिला. बारा हजारांतली शेवटची गाडी परवाच रवाना झाली. माझं काम वेळेत झालं, याचं समाधान आहे.

शुक्रवार, १७ डिसेंबर

जिंकलो. काल ढाक्यात शरणागती. अमेरिकेनं आरमार पाठवलं होतं आम्हाला भीती घालायला, ते समुद्रातच राहिलं. गावभर पेढे, गुलाल. सोसायटीच्या फाटकावर चेअरमनसाहेबांनी भाषण केलं, की हे युद्ध सोलापूरच्या मागांवरही लढलं गेलं. मला पुढे ओढून माझ्या गळ्यात हार घातला. आता नव्या बांगलादेशात घरी परतणाऱ्या लोकांसाठी आणखी आठ हजार चादरींचं काम मिळालं आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेआधी पहिली गाडी वाजतगाजत निघणार आहे.

घरी येताना वाटेत पोशट्टी दिसला. कुणाच्या तरी दुकानापुढे पोती उतरवत होता. अंगावर गुलाल नव्हता. मी नजर फिरवली.

गुरुवार, ३० डिसेंबर

मल्लूचं पत्र आलं. दुपारपासून घेऊन बसलो आहे. पुन्हा शब्दन्‌शब्द उतरवतो, कारण मला ते दोनदा वाचणं भाग आहे.

"आप्पा, तुम्हाला त्रास होईल, पण सांगितलं पाहिजे. इथे पटकीच्या भीतीनं आलेली प्रत्येक चादर वाटण्याआधी आम्ही उकळतो. सोलापूरचे गठ्ठे आले तेव्हा मी सगळ्यांना बोलावून घेतलं. माझ्या वडिलांच्या हाताखालून आलेल्या आहेत, असं सांगितलं. पहिल्या वीस हंड्यात टाकल्या. पाण्याची पेज झाली. बाहेर काढल्या तर दूध गाळायच्या फडक्यासारख्या. त्याच वाटल्या, दुसऱ्या नव्हत्याच. त्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. आमच्या वॉर्डात सात लेकरं गेली. डॉक्टर म्हणतात न्यूमोनिया होता, ती तशीही गेली असती. असेल.

"एका डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हाच का तुझ्या वडिलांचा शिक्का? बाकी सगळं धुऊन गेलं होतं, शिक्का तेवढा काळाकुट्ट होता. मी म्हणालो, माझे वडील तीन पाण्यांतून काढल्याशिवाय चादर पास करत नाहीत. कुणीतरी त्यांच्या शिक्क्याची नक्कल केली आहे. मी छातीठोकपणे सांगितलं आणि त्यांनी मानलं. आप्पा, त्या चोराला शोधून काढा. सोडू नका."

गंगम्मा विचारते आहे, काय लिहिलंय. मी म्हणालो, बरा आहे.

शुक्रवार, ३१ डिसेंबर

सोसायटी उघडायच्या आधी गेलो. वाटलं, मल्लू म्हणतो तसंच असेल. नक्कलच असेल. वाटेत सिद्धेश्वराला तेच मागितलं.

कपाट उघडलं. चोरीचा माल, पोशट्टी, माग नंबर ९. चिठ्ठी माझ्या अक्षरातली. बावन्न दिवस ही घडी माझ्या खुर्चीच्या मागे होती आणि मी एकदाही उलगडली नव्हती. उलगडली. खिडकीपुढे धरली तर पलीकडचा लिंब दिसला, त्याच्या फांदीवरचा कावळाही दिसला. काट्यावर टाकली. दीड किलोची चादर नऊशे ग्रॅम भरली. कोपऱ्यात माझा चार नंबर. खरा. माझ्या शिक्क्यात चाराच्या शेपटाला एक बारीक खाच आहे, ती माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. खाच होती.

उंदीर खळ खायला येत होते. विणकर खळीनं खोकत होते. गंगम्मानं बादलीत पाहिलं होतं. माग चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि चूल पेटती राहावी म्हणून तो गप्प होता. जो गप्प राहिला नाही त्याला मी थोबाडीत मारली. मूर्ख, मूर्ख, मूर्ख म्हातारा! दुसरा शब्द सुचत नाही.

सोमवार, ३ जानेवारी १९७२

चेअरमनसाहेबांच्या टेबलावर चादर टाकली. आधी हसले. मग दार लावून घेतलं.

"गुरुसिद्धप्पा, जिंकलो की आपण. लोक घरी चालले. आता जुनं कशाला उकरायचं?"

मी म्हणालो, सात लेकरं.

"ती काय आपल्या चादरीनं मेली? फुकट देणाऱ्यानं आणखी किती द्यायचं? आपल्या सोलापुरात उघडी निजणारी न्हाईत काय? अडीचशे घरं जगली ह्या कामावर, ते बघा." मग आवाज खाली आणला. "आणि माझी सही कुठंच न्हाई. धुणं बंद केलं ते तुमच्या सहीनं. शिक्का तुमचा. विचार करा. पोरगं सरकारी नोकरीत हाय तुमचं."

मला त्याच्या नरडीला हात घालावासा वाटला. पण सही-शिक्क्याचं वाक्य खोटं नव्हतं, म्हणून हात उचलला नाही. नव्या आठ हजारांवर शिक्का मारणार नाही, एवढं सांगितलं. म्हणाला, नका मारू, रबराचे शिक्के बाजारात पायलीचे पन्नास मिळतात.

बुधवार, ५ जानेवारी

पोशट्टीच्या घरी गेलो. त्याची बायको दारात विड्या वळत होती. तिनं मला ओळखलं आणि सूप आवरून आत गेली. तो बाहेर आला, बसा म्हणाला नाही.

मी माफी मागितली. नीट मागता आली नाही.

तो म्हणाला, "मी चोरलो न्हाई साहेब. मी धुतलो. तीन पाण्यातनं काढल्याबिगर चादर चादर नसती म्हणून तुमीच शिकवला हुता की मला. येकोणीस वर्सामागं."

"माहीत आहे."

"तवा म्हाईत नव्हतं?"

मी म्हणालो, तक्रार देणार आहे, तुझी साक्ष हवी. तो म्हणाला, "तुमी आत जाल की त्यात."

"जाईन."

"मग येतो," म्हणाला. "पण त्या थोबाडीचं येगळं हाय साहेब. ते मी सोडलेलो न्हाई."

ते बरोबरच आहे. त्यानं सोडू नये.

सोमवार, १० जानेवारी

मदतकार्याच्या अधिकाऱ्याला भेटलो. सोबत पोशट्टी, बगलेत चादर. दीड तास बाकावर बसवलं. तक्रार वाचून साहेब म्हणाले, "शिक्का कोणाचा?"

"माझा."

"म्हणजे स्वतःविरुद्ध तक्रार करताय?"

"चेअरमनविरुद्ध आणि स्वतःविरुद्ध. दोन नावं लिहिली आहेत. माझं आधी आहे."

त्यांनी चष्मा काढून पोशट्टीकडे पाहिलं, मग चपराश्याला बादलीभर पाणी आणायला सांगितलं. नव्या आठ हजारातली एक कोरी चादर त्यांच्याकडे नमुना म्हणून आलेली होती. पोशट्टीनं ती व्हरांड्यात बसून धुतली. कुणी सांगायच्या आत तिसरं पाणीही काढलं. तिन्ही वेळा पाणी पांढरं निघालं. साहेबांनी तिथल्या तिथे गाडी थांबवायचा हुकूम लिहिला. आणि मला म्हणाले, गाव सोडू नका.

म्हणजे आठ हजार थांबल्या. बारा हजार थांबणार नाहीत, त्या गेल्या.

बुधवार, १२ जानेवारी

उद्यापासून यात्रा. गावात नंदीध्वजांची तयारी चालली आहे. आज गंगम्माला मल्लूचं पत्र पूर्ण वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, "त्याला काय लिहिणार?"

"तोच विचार करतोय."

"मी सदरा धुतला तेव्हा बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "तुमचा राग बघून बोलले नाही." मग उठून कामाला लागली. तेवीस वर्षं मला वाटत होतं की माझ्या रागाला सोसायटीतले चोर भितात. खरं सांगणारेच भीत होते.

गप्प राहिलो तर मल्लूच्या लेखी त्याचा बाप सच्चा राहील. चौकशी व्हायला महिने जातील, कदाचित काही निघणारही नाही. सिद्धलिंगप्पाचे हात वरपर्यंत पोचलेले आहेत. तीन वेळा लिहिलं, फाडलं. त्यात घाई होती, युद्ध होतं, मला फसवलं, असं सगळं होतं. खरंही होतं. पण वाचताना माझीच मला किळस आली. चौथं हे:

"चि. मल्लिकार्जुन, आशीर्वाद. चोर सापडला. शिक्क्याची नक्कल झालेली नाही. मी न धुता शिक्का मारला. ज्यानं धुतली त्याला मारलं आणि काढून टाकलं. त्याचं नाव पोशट्टी. ज्या सगळ्यांसमोर तू माझ्यासाठी छातीठोकपणे बोललास, त्या सगळ्यांना परत बोलावून हे सांग. देश श्रीमंत आहे काय विचारणाऱ्या त्या बाईलाही सांग. तुझा आप्पा."

तिकीट लावलं, निर्वासितांचं पाच पैशांचंही लावलं. पाकीट बंद करता करता वाटलं, पोरगं हट्टी आहे, हे पत्रसुद्धा नकली आहे म्हणेल. पुन्हा उघडलं. बिब्ब्याची शाई काढली आणि सहीच्या खाली माझा चार नंबर मारला. शेपटाची खाच नीट उमटली आहे ना, ते भिंगातून पाहिलं आणि खाली लिहिलं: ही खाच छावणीतल्या चादरींवर बघ, तशीच आहे.